शब्दचर्चा : 'एलेव्हेशन' म्हणजे उंची, पातळी की आणखी काही?

रेघोट्या : सांगलीत मोजणीची कामं घेणाऱ्या एका छोट्या कचेरीत मी नकाशे काढते. नवीन पोरांसाठी ऑटोकॅडच्या (नकाशे काढायच्या सॉफ्टवेअरच्या) सूचना मराठीत लिहून काढतेय. सेक्शनला छेद, कंटूरला समोच्च रेषा, इथवर सुरळीत चाललं. 'एलेव्हेशन'पाशी अडलं. मी लिहिलं, "प्रत्येक रेषेची उंची भरा." एकानं कुंपणाच्या भिंतीची उंची भरून ठेवली, दीड मीटर! हवी होती समुद्रसपाटीपासूनची, साडेपाचशेच्या आसपासची. मग 'पातळी' लिहू का?

जुनी साखळी : पातळीच. अलमट्टीची पातळी ५१९.६० मीटर म्हणतो आपण. धरणाची उंची म्हटलं की भिंत आली. उंची वस्तूची, पातळी जागेची. विषय संपला.

घाटमाथा : संपला कसा? महाबळेश्वरची उंची साडेचार हजार फूट म्हणतात. 'महाबळेश्वरची पातळी' म्हणून बघा, लोक वेण्णा लेकचं पाणी विचारताय समजतील. पातळी पाण्यालाच शोभते. शब्दच मुळी पाताळावरून आला असावा, असं मला वाटतं.

जुनी साखळी : पाताळावरून? मग बुद्धीची पातळी कुठून आली?

घाटमाथा : ती काहींची पाताळातच असते.

कृष्णाकाठ : आयर्विन पुलापाशी ४५ फूट म्हणजे धोका, हे सांगलीत शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण ते फूट पुलापाशी रंगवलेल्या मोजपट्टीच्या शून्यापासूनचे. अलमट्टीचे मीटर समुद्रसपाटीपासूनचे. दोन्हीला शब्द एकच, पातळी. २०१९ च्या महापुरात पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हा आमच्या गल्लीत दोन म्हातारे ह्या दोन आकड्यांची वजाबाकी करायला बसले होते. शब्द कुठलाही घ्या, शून्य कुठलं ते लिहा.

शब्दवेल्हाळ : 'तलोच्चता' का नको? तल आणि उच्चता, अर्थ नेमका. दर वेळी इंग्रजीपुढे नाहीतर घरगुती शब्दांपुढे मान तुकवायची का?

घाटमाथा : पोरं दुसऱ्या दिवशी कामावर यायची नाहीत.

शब्दवेल्हाळ : 'समोच्च' मुकाट्यानं गिळलंत ना?

घाटमाथा : ते शाळेत भूगोलाच्या बाईंनी गिळवलं. तलोच्चतेला बाई कुठून आणणार?

ओळंबा : ताई, साइटवर आम्ही 'आर.एल.' म्हणजे रिड्यूस्ड लेव्हल, ठरलेल्या शून्यापासूनची उंची, म्हणतो आणि मोकळे होतो. 'एलेव्हेशन' म्हणाल तर घरमालकाला दर्शनी भाग वाटतो. "शेजाऱ्यानं एलेव्हेशन भारी केलंय" म्हणजे दगडी टाइल आणि काचा.

पण तुमच्या सूचनांत शब्दापेक्षा मोठी गोची आहे. साध्या पॉलिलाइनला, म्हणजे बिंदू जोडून काढलेल्या सलग रेषेला, अख्ख्या रेषेसाठी एकच एलेव्हेशन मिळतं. कंटूरला ती चालते, कंटूरवर सगळीकडे उंची एकच. बांधाला नि ओढ्याला थ्रीडी पॉलिलाइन लागते, तिथे प्रत्येक बिंदूला आपापला झेड, म्हणजे उंचीचा आकडा. 'प्रत्येक रेषेची' लिहिलंत की पोरगं ओढ्यालाही एकच आकडा देणार, म्हणजे ओढा वाहायचाच बंद. त्यात कुणी 'फ्लॅटन' ही सगळं सपाट करणारी कमांड मारली तर सगळंच शून्यावर. छापील नकाशात फरक दिसत नाही, मातीकामाचं घनफळ काढायला बसलं की बोंब. आणखी एक. जीपीएसची कच्ची उंची समुद्रसपाटीवरून नसते, पृथ्वीचा गणितानं धरलेला लंबगोल असतो त्यावरून असते. आपल्याकडे ती साठाहून जास्त मीटरनं कमी भरते. एका फाइलमध्ये दोन्ही मिसळल्या तर सपाट रानात दरी उगवते. म्हणून 'झेड' लिहा आणि कंसात 'समुद्रसपाटीपासून'.

शब्दवेल्हाळ : म्हणजे शेवटी इंग्रजी अक्षरच!

ओळंबा : रकान्यावर तेच छापलंय हो.

जुनी साखळी : गट नकाशात उंची कधी नसायचीच, म्हणून मोजणीखात्याच्या भाषेत हा शब्द मुरलाच नाही. लांबी-रुंदी, बुरूज (हद्दीच्या खुणा), बांध, बस्स. उंचसखल बघायचं ते पाटबंधारेवाल्यांनी.

माणदेशी : आमच्या आटपाडीकडं खोलगट रानाला 'लवण' म्हणत्यात. उंचीला सतरा शब्द शोधताय, खोलीला आयता हाय.

रेघोट्या : ओळंबादादा, 'प्रत्येक बिंदूची' अशी दुरुस्ती केली. तूर्त 'पातळी (आर.एल.)' लिहिते. पण त्याच पुस्तिकेत पुढे बंगल्याचा दर्शनी नकाशा येतो, तिथे तरी 'एलेव्हेशन' ठेवू का?

कृष्णाकाठ : लवण म्हणजे मीठ ना? आमच्या मिरज-वाळव्याकडं सखल रानात पाणी साचून जमीन क्षारपड होते. त्यावरून आलं असणार.

माणदेशी : आमच्याकडं प्यायला पाणी न्हाई, साचतंय कुठलं! लवणे म्हणजे वाकणे. जमीन लवली, ते लवण.

शब्दवेल्हाळ : 'लवणे' पटतंय. पण मग उच्चारात 'ण' पूर्ण म्हणता की अर्धा?

माणदेशी : आम्ही 'लवान' म्हणतो.

जुनी साखळी : लवाण नव्हे?