चोख तपासनिसाला सुपरवायझर केले आणि घडी विस्कटली. आता काय करावे?

कुपवाडचा लघुउद्योजक

कुपवाड औद्योगिक वसाहतीत माझे सीएनसी (संगणकाने चालणाऱ्या) यंत्रांवर सुटे भाग करण्याचे युनिट असून तेथे २२ माणसे काम करतात. त्यांपैकी एका २६ वर्षांच्या तरुणाला स्वमग्नता (ऑटिझम) आहे. रुजू होतानाच त्याने ते स्वतःहून सांगितले होते आणि आजही त्याला विचारूनच मी येथे लिहीत आहे.

तीन वर्षे तो तयार मालाची तपासणी करत होता. माप मर्यादेत आहे की नाही एवढेच सांगणारे गेज लावून झाल्यावरही दर दहावा जॉब (तयार भाग) मायक्रोमीटरने नेमका मोजून तो आकडा वहीत लिहून ठेवायचा. एका दुपारी त्याने ती वही माझ्यासमोर ठेवली आणि "आकडे एकाच बाजूला चाललेत," एवढेच म्हणाला. सगळ्या पिना गेजमध्ये पास होत होत्या, पण टूलची धार झिजत गेल्याने बाहेरचा व्यास दोन-दोन मायक्रॉनने वाढत होता. तेव्हा लक्ष दिले नसते तर रात्रपाळीचा अख्खा लॉट बाद झाला असता.

त्याचे चीज व्हावे म्हणून दिवाळीनंतर मी त्याला पाळीचा सुपरवायझर केले आणि पगार वाढवला. तेव्हापासून रजेवरून होणारे वाद आणि ऐनवेळी कोणाला कोणत्या यंत्रावर पाठवायचे याचे निर्णय त्याच्या अंगावर आले. दोघे एकदम बोलू लागले की तो गप्प होतो. यंत्राची हवा फुत्कारत सुटली की कानांवर हात ठेवतो. कामगारांना वाटते की साहेब मुद्दाम ऐकत नाहीत. गेल्या आठवड्यात तो दोन दिवस आलाच नाही. त्याला परत तपासणीवर नेले तर तो अपमान ठरेल का? आणि आवाजासाठी हेडफोन द्यावेत का?

विश्रामबागची टेस्टर

मी सांगलीत घरी बसून पुण्याच्या एका कंपनीसाठी सॉफ्टवेअर तपासते. माझ्या स्वमग्नतेचे निदान वयाच्या ३१व्या वर्षी झाले. आपण त्याला कामाचे बक्षीस म्हणून वेगळेच काम दिले, असे मला वाटते. माझे आधीचे वरिष्ठ सकाळी "जमलं तर आज बघून टाक" असे म्हणत. मी जमते का ते पाहत असे आणि नसेल जमत तर दुसऱ्या दिवसावर टाकत असे. "जमलं तर" याचा अर्थ "आजच हवे" असा होता, हे संध्याकाळी बोलणी खाताना कळत असे. आता प्रत्येक काम संगणकावर लेखी येते, त्यात काय हवे, कोणाला हवे आणि किती वाजेपर्यंत हवे हे लिहिलेले असते, आणि बैठकीतील बोलणे मला पडद्यावर अक्षरांत वाचता येते. मेंदू तोच आहे, पण गेल्या दोन वर्षांत माझे एकही काम राहिलेले नाही. त्याला केबिनमध्ये बोलावून एकदम विचारू नका. प्रश्न लिहून द्या आणि उत्तराला एक दिवस द्या.

पलूसचा मेंटेनन्स फिटर

शॉप फ्लोअरवर गाण्याचे हेडफोन कृपया देऊ नयेत, फोर्कलिफ्टचा इशारा ऐकू आला पाहिजे. हवा सुटण्याच्या तोंडाला सायलेन्सर बसवता येतो, तो छोटा आणि स्वस्त असतो. बाकीच्या २१ जणांचे कानही वाचतील.

मिरजेच्या तंतुवाद्यांच्या घरातला

माझे चुलते आमच्या कारखान्यात आयुष्यभर फक्त जवारी काढत. तार घोडीवर नेमकी किती टेकावी म्हणजे तंबोरा भरून बोलेल, हे कानाने ऐकत कानशीने घोडी घासण्याचे ते काम असते आणि एक घास जास्त गेला तर सगळे पुन्हा करावे लागते. गिऱ्हाइकांशी ते बोलत नसत, आणि जवारीला बसले की पंखासुद्धा बंद करायला लावत. त्यांना कधी डॉक्टरांकडे नेले नाही, त्यामुळे त्यांच्या स्वभावाला आज मी कोणतेही नाव देणार नाही. पण आजोबांनी हिशेब आणि गिऱ्हाइके वडिलांकडे सोपवली होती आणि घरातील थोरला मान मात्र चुलत्यांचाच ठेवला होता, हे आपल्या प्रश्नाला लागू पडते.

मिरजेतील समुपदेशक

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत स्वमग्नता येते, आणि ज्या खासगी आस्थापनेत २० किंवा अधिक माणसे आहेत तिने कोणत्या सोयी देणार याच्या तपशिलासह समान संधीचे धोरण जाहीर करावयाचे असते. आपल्याकडे २२ माणसे आहेत, म्हणून हे आधी करून घ्यावे.

आणखी एका गोष्टीबद्दल मला कळकळीने सांगायचे आहे. डेन्मार्कमध्ये थॉर्किल सोने यांनी मुलाच्या निदानानंतर २००४ मध्ये स्वमग्न व्यक्तींना सॉफ्टवेअर तपासणीची कामे देणारी कंपनी काढली. तेव्हापासून अनेक दारे उघडली, पण त्यासोबत स्वमग्न माणूस म्हणजे बारकाव्यांचा जादूगार, असाही समज पसरला. माझ्याकडे येणाऱ्यांत चित्रे काढणारे आहेत, रोपवाटिका सांभाळणारे आहेत, आणि ज्यांच्यात काहीही असामान्य नाही असेही पुष्कळ आहेत. नोकरीवर हक्क त्यांचाही आहे. दुसरे म्हणजे, संवाद तुटला की तो स्वमग्न माणसामुळेच तुटला असे आपण धरून चालतो. स्वतः स्वमग्न असलेले ब्रिटिश संशोधक डेमियन मिल्टन यांनी २०१२ मध्ये मांडले की न समजणे दोन्ही बाजूंनी असते. तो गप्प का होतो हे कामगारांना सांगावे, मात्र किती सांगायचे ते त्यालाच ठरवू द्यावे.

कुपवाडचा लघुउद्योजक

सर्वांचा ऋणी आहे. मी त्याला प्रश्न लिहून दिला. दुसऱ्या दिवशी चार ओळींचे उत्तर आले: रजा आणि माणसांची नेमणूक दुसऱ्याकडे द्यावी, पगार कमी करू नये, पाळी बदलायची असेल तर आदल्या दिवशी कळवावे, आणि वहीतले आकडे संगणकावर आलेखात घालण्याची परवानगी मिळावी. मापे हळूहळू सरकत आहेत का हे दाखवणारा, वॉल्टर शूहार्ट यांनी १९२४ मध्ये अमेरिकेतील वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीत मांडलेला नियंत्रण आलेख मी पदविकेत शिकलो होतो, पण माझ्याच कारखान्यात एक मुलगा तो तीन वर्षे वहीत हाताने राखत होता, हे मला दिसले नव्हते. चारही गोष्टी मान्य केल्या आहेत. कामगारांना काय सांगायचे, ते तो स्वतः लिहून देणार आहे. सायलेन्सर शनिवारी बसवले.