मदत हवी आहे: लातुरात भाड्याने देण्यासाठी फ्लॅट घेताना गृहकर्जाच्या व्याजदराचा हिशेब कसा करावा?

नमस्कार. मी औसा तालुक्यातील एका जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे. माझी नेमणूक नोव्हेंबर २००५ नंतरची असल्याने मला जुनी पेन्शन लागू नाही, आणि निवृत्तीनंतर दरमहा काही निश्चित रक्कम हाती यावी या हेतूने पत्नी व मी लातूरला, ट्यूशन एरियापासून चालत जाता येईल अशा ठिकाणी, एक टू बीएचके फ्लॅट घेण्याचा विचार करीत आहोत. आमचे राहते घर गावी आहे व त्यावर कर्ज नाही. हा फ्लॅट आम्ही स्वतः राहण्यासाठी घेणार नसून अकरावी-बारावी आणि नीटच्या तयारीसाठी आलेल्या मुलांच्या कुटुंबांना भाड्याने देणार आहोत.

फ्लॅटची किंमत ३२ लाख रुपये ठरली आहे. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी मिळून आणखी सव्वादोन लाखांच्या आसपास खर्च येईल, तो आम्ही शिलकीतून करू. २४ लाखांचे कर्ज वीस वर्षांसाठी घ्यावे असा बेत आहे.

अडचण व्याजदराची आहे. एका राष्ट्रीयीकृत बँकेने ७.७५ टक्के दर सांगितला, परंतु आधीचे घर असल्यामुळे कागदपत्रे वरच्या कार्यालयात पाठवावी लागतील असे सांगून पंधरा दिवस काहीच कळवले नाही. एका गृहवित्त कंपनीने तीन दिवसांत मंजुरी देण्याची तयारी दाखवली, मात्र "हे गुंतवणुकीचे घर आहे" असे म्हणून ९.२५ टक्के दर सांगितला. मी घरी बसून आकडेमोड केली. २४ लाखांवर पहिल्या दराने हप्ता १९,७०३ रुपये येतो आणि दुसऱ्या दराने २१,९८१ रुपये. महिन्याचा फरक २,२७८ रुपयांचा दिसतो, पण वीस वर्षांत तो साडेपाच लाखांजवळ जातो. माझ्यासारख्या पगारदार माणसाला ही रक्कम लहान नाही.

व्यवहार जमवून देणाऱ्या एजंटने सुचवले की अर्जात "स्वतः राहण्यासाठी" असे लिहावे, पुढे कोणी विचारत नाही. मला हे पटलेले नाही. वर्गात ज्या मुलांना खरे बोलायला सांगतो, त्यांच्याच गुरुजींनी वीस वर्षांच्या कागदावर खोटे लिहून सही करावी, हे मनाला सोसणार नाही. शिवाय पुढे भाडेकरार नोंदवताना ते उघडे पडेलच.

म्हणून जाणकारांना विनंती आहे की पुढील गोष्टी समजावून सांगाव्यात. भाड्याने द्यायचे घर म्हणून बँक खरोखर जास्त व्याज लावते का, की हा केवळ त्या संस्थेचा शिरस्ता आहे? आज सांगितलेला दर उद्या वाढला, तर तो कोणत्या कारणाने आणि किती वेगाने वाढतो? आणि महिना ११,००० रुपये भाडे गृहीत धरून हा व्यवहार माझ्या पगाराला झेपणारा आहे का?

प्रतिसाद १

गुरुजी, मी नांदेडला बँकेच्या कर्ज विभागातून निवृत्त झालो आहे. अर्जात खोटे लिहू नका, या आपल्या निर्णयाशी मी पूर्ण सहमत आहे. कर्जाच्या करारात घराच्या वापराबाबत कलम असते, आणि चुकीची माहिती दिल्याचे दिसल्यास उर्वरित कर्ज एकरकमी मागण्याचा अधिकार बँक स्वतःकडे राखून ठेवते.

आता दराबद्दल. पगारदार व्यक्तीच्या दुसऱ्या घरासाठी बहुतेक बँका साधे गृहकर्जच देतात, आणि दर प्रामुख्याने ठरतो तो सिबिल गुण (आधीच्या कर्जफेडीवरून मिळणारे गुण), कर्जाची रक्कम, घराच्या किमतीशी तिचे प्रमाण आणि नोकरीची स्थिरता यांवरून. भाड्याच्या घरासाठी वेगळा दर लावणे हे त्या त्या संस्थेचे धोरण असते. तेव्हा एका ठिकाणी मिळालेले उत्तर सगळीकडे लागू आहे असे समजू नये.

दराची रचना समजली की पुष्कळ गोंधळ मिटतो. १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची नवी बदलत्या दराची गृहकर्जे बाह्य मानकाशी, म्हणजे बँकेने स्वतः न ठरवलेल्या दराशी, जोडणे रिझर्व्ह बँकेने बंधनकारक केले. बहुतेक बँकांनी त्यासाठी रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने अल्पमुदतीचे कर्ज देते तो दर, निवडला. आपल्याला सांगितलेला ७.७५ टक्के दर म्हणजे ५.२५ टक्के रेपो अधिक अडीच टक्के बँकेची वाढ, असे असावे. रेपो बदलला की किमान तीन महिन्यांतून एकदा आपला दर त्याप्रमाणे बदलावाच लागतो. वरची वाढ मात्र बँकेला मनात येईल तेव्हा चढवता येत नाही. गृहवित्त कंपन्यांना बाह्य मानकाची ही सक्ती नाही. त्यांचा दर त्यांच्या स्वतःच्या आधारदरावर चालतो, आणि तो कधी व किती हलवायचा हे बरेचसे त्याच ठरवतात. माझ्या दृष्टीने आपल्यासमोरच्या दोन प्रस्तावांमधला दीड टक्क्याइतकाच महत्त्वाचा फरक हा आहे.

दर किती वेगाने चढू शकतो, याचे उदाहरण ताजे आहे. मे २०२२ पर्यंत रेपो ४ टक्के होता आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये तो ६.५ टक्क्यांवर गेला. त्यानंतर फेब्रुवारी २०२५ पासून तो उतरू लागला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ५.२५ टक्क्यांवर आला. समजा एखाद्याने ७ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी २० लाख घेतले. त्याचा हप्ता १५,५०६ रुपये होतो. दीड वर्षाने दर ९.५ टक्के झाला आणि हप्ता तोच ठेवला, तर त्यातले सुमारे १५,२५० रुपये व्याजातच जातात व मुद्दलाला जेमतेम अडीचशे रुपये उरतात. मुदत किती लांबेल याचा विचार आपणच करावा. माझ्या टेबलासमोर अशी पासबुके घेऊन बसलेली माणसे मी पाहिली आहेत. हप्ता वाढला नाही म्हणून ती निश्चिंत असत, आणि मुदतीचा रकाना कोणीच वाचलेला नसे.

ऑगस्ट २०२३ च्या रिझर्व्ह बँकेच्या सूचनेनुसार दर बदलताना हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडे थोडे, हे निवडण्याचा हक्क कर्जदाराला आहे. तो लेखी अर्ज देऊन वापरावा. तसेच व्यक्तीने घेतलेल्या बदलत्या दराच्या गृहकर्जावर मुदतपूर्व परतफेडीचा दंड लागत नाही, म्हणून दिवाळीत किंवा फरकाची रक्कम मिळेल तेव्हा मुद्दल फेडत राहावे.

सही करण्याआधी "मुख्य तथ्य विवरणपत्र" अवश्य मागून घ्यावे. ऑक्टोबर २०२४ पासून ते देणे बंधनकारक आहे, आणि त्यात प्रक्रिया शुल्क वगैरे धरून येणारा खरा वार्षिक दर लिहिलेला असतो. कर्जासोबत एकरकमी हप्त्याचा विमा कोणी पुढे केला, तर तो कर्ज मिळण्याची अट नाही हे ध्यानात ठेवावे. घ्यायचा असेल तर स्वतंत्रपणे घ्यावा.

प्रतिसाद २

दादा, माझे लातुरात औसा रोडला दोन गाळ्यांचे घर आहे आणि बारा वर्षांपासून मी ते विद्यार्थ्यांच्या कुटुंबांना देत आले आहे. आपण ११,००० रुपये भाडे बारा महिने धरत असाल तर कृपया तसे धरू नये. परीक्षा संपली की मायलेकरे ज्वारीचे पोते, गॅसची टाकी आणि गाद्या टेम्पोत टाकून गावी निघून जातात, आणि पुढचे प्रवेश होईपर्यंत घर रिकामे राहते. मी स्वतः दहाच महिने धरते.

घर पाहायला आलेली आई भाडे विचारण्याआधी बोअरला पाणी किती आहे ते विचारते. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते, ते लातूरकर अजून विसरलेले नाहीत. पाऊस कमी झालेल्या वर्षी टँकरचा खर्च मालकालाच उचलावा लागतो, नाहीतर चांगला भाडेकरू टिकत नाही. तेव्हा फ्लॅट निवडताना इमारतीची बोअर मे महिन्यात प्रत्यक्ष पाहून यावी. भाडेकरारही नोंदणीकृतच करावा, कारण कायद्याने ती जबाबदारी मालकावर आहे, आणि बँकेला भाड्याचे उत्पन्न दाखवायचे असल्यास तोच कागद चालतो.

प्रतिसाद ३

मी कर सल्लागाराच्या कार्यालयात काम करतो. एक मुद्दा राहून गेला आहे. सर, दहा महिन्यांचे भाडे १,१०,००० रुपये आणि आपण भरलेली घरपट्टी ५,००० रुपये धरली, तर उरलेल्या १,०५,००० रुपयांवर ३० टक्के प्रमाणित वजावट मिळते आणि ७३,५०० रुपये राहतात. पहिल्या वर्षाचे व्याज ७.७५ टक्क्यांनी सुमारे १,८४,००० रुपये होते, म्हणजे कागदोपत्री एक लाख दहा हजारांचा तोटा दिसतो. जुन्या करप्रणालीत हा तोटा दोन लाखांच्या मर्यादेत पगारातून वजा करता येतो. नव्या प्रणालीत भाड्यापुरतेच व्याज वजा होते आणि उरलेला तोटा पगारातून वजा करता येत नाही. आपण कोणती प्रणाली निवडली आहे ते पाहिल्याशिवाय "कर वाचतो" हे गृहीत धरू नये.

फ्लॅट एकट्या पत्नीच्या नावावर घेतल्यास मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे, म्हणजे आपले ३२,००० रुपये वाचतील. मात्र पैसे आपले असतील तर भाड्याचे उत्पन्न आपल्याच उत्पन्नात धरले जाते.

धागाकर्त्याचे उत्तर

आपण तिघांनी इतका वेळ देऊन लिहिलेत, त्याबद्दल मनःपूर्वक आभार. काल शाळा सुटल्यावर मी बँकेत गेलो आणि घर भाड्याने देण्यासाठीच घेत आहोत असे स्पष्ट सांगितले. शाखा व्यवस्थापकांनी त्यास हरकत घेतली नाही. उशीर झाला तो गावच्या घराचा ग्रामपंचायतीतील नोंदीचा उतारा माझ्याकडून द्यायचा राहिल्यामुळे, आणि हे मला कोणी कळवलेच नव्हते. रेपोवरची वाढ अडीच टक्केच असल्याचे त्यांनी कागदावर लिहून दिले. गृहवित्त कंपनीला मी नकार कळवला आहे.

त्यानंतर रात्री पत्नीसह पुन्हा हिशेब मांडला. दहा महिन्यांचे भाडे बारा महिन्यांवर पसरले तर महिना ९,१६७ रुपये पडतात. घरपट्टी, सोसायटीचा खर्च, पाणी आणि रंगरंगोटीसाठी दरमहा दीड हजार बाजूला ठेवले, तर १९,७०३ रुपयांच्या हप्त्यात पगारातून १२,००० रुपये घालावे लागतील. दर पूर्वीसारखाच अडीच टक्क्यांनी चढला तर वीस वर्षांचा हप्ता साडेतेवीस हजारांवर जातो. मुलगी यंदा दहावीला आहे आणि दोन वर्षांनी तिच्या शिक्षणाचा खर्च सुरू होईल. तेव्हा हा भार आम्हाला पेलणार नाही, असे दोघांचेही मत झाले.

म्हणून टू बीएचकेचा विचार सोडून, कर्ज १८ लाखांच्या आत राहील असा वन बीएचके पाहावा असे ठरवले आहे. त्याचा हप्ता आजच्या दराने १४,७७७ रुपये आणि दर अडीच टक्क्यांनी वाढल्यास सुमारे १७,६७० रुपये येतो, तेवढा आम्ही भाडे न आले तरी काही महिने भरू शकू. करप्रणाली माझी नवी आहे, त्यामुळे कराचा लाभ हिशेबातून काढून टाकला आहे.

आता ताईंना एवढेच विचारायचे आहे की, आई आणि एकच मूल असे कुटुंब वन बीएचके पसंत करते का, की दोन मुलांच्या आया मिळून टू बीएचके घेतात आणि वन बीएचके मागे पडतात? मे महिन्यात बोअर पाहायला आम्ही लातूरला येणारच आहोत, त्याआधी हे कळल्यास बरे होईल.