आईला डीप क्लीनिंग सांगितलंय, मधुमेह आहे. करावं का? (मुंबई)

नमस्कार मंडळी,

आईचं वय ६१, आम्ही भांडुपला राहतो. तिला मधुमेह आहे, गोळ्या चालू आहेत, मागचं एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) ८.२ आलं. ब्रश करताना हिरड्यांतून रक्त येतं आणि खालचे पुढचे दोन दात हलायला लागलेत. मिश्री सोडून बरीच वर्षं झाली.

डेंटिस्टनी एक्स-रे काढला, दात आणि हिरडीच्या फटीत बारीक सळई घालून खोली मोजली. निरोगी हिरडीत ती ३ मिमीपर्यंत असते, आईची बऱ्याच ठिकाणी ५-६ भरली. पायोरिया आहे, वरवरच्या क्लीनिंगने भागणार नाही, सुन्न करून हिरडीखाली मुळांवरचं कीटण काढावं लागेल म्हणाले. एका वेळी तोंडाची एक बाजू. दीडेक महिन्याने पुन्हा मोजणार, तरी खोली राहिली तर तेवढ्यापुरती फ्लॅप सर्जरी, म्हणजे हिरडी उघडून आतून सफाई.

आई अडून बसली आहे. शेजारच्या काकूंनी सांगितलंय, "मशीन लावलं की आहेत ते दातही खिळखिळे होतात." त्यांचे झाले म्हणे. आईला दटावून न्यायला मन होत नाही, पण समजवायला माझ्याकडे नीट उत्तरही नाही.

काकूंच्या बोलण्यात तथ्य आहे का? साखर खाली येईपर्यंत थांबावं का? नायर डेंटल किंवा सीएसएमटीजवळच्या सरकारी दंत महाविद्यालयात कोणी करून घेतलंय का?

प्रतिसाद १

ताई, माझ्या वडिलांचं सरकारी कॉलेजात झालं. काकूंना आलेला अनुभव खरा असेल, कारण मात्र वेगळं. दाताभोवतीचं हाड आधीच झिजलेलं असतं आणि कीटणाच्या थराने दात एकमेकांना चिकटून राहतात. थर निघाला की आधीपासूनचं हलणं जाणवतं. सूज उतरली की हिरडी मुळाकडे सरकते, फटी दिसतात, गार पाणी झोंबतं. हे सगळं आईंना आधीच सांगा, म्हणजे नंतर घाबरणार नाहीत. सूज गेल्यावर वडिलांचे दात थोडे घट्टही झाले. गेलेलं हाड मात्र क्लीनिंगने भरून येत नाही. उरलेलं वाचवायचं, म्हणून उशीर नको.

कॉलेजात पदव्युत्तर विद्यार्थी करतात, शिक्षक तपासतात. खर्च खासगीपेक्षा खूप कमी, पण वेळ हाताशी ठेवून जा.

प्रतिसाद २

साखरेबद्दल: हे दोन्हीकडून चालतं. साखर वाढली की हिरड्या बिघडतात आणि हिरड्यांतला संसर्ग साखर आटोक्यात येऊ देत नाही. त्यामुळे नुसतं थांबून राहू नका, तिच्या डॉक्टरांना रिपोर्ट दाखवून तारीख ठरवा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर दोघांनाही सांगा. सकाळची वेळ घ्या. नाश्ता आणि गोळी नेहमीच्या वेळी होऊ दे, कारण नंतर तोंड बधिर असताना खाता येत नाही, गाल चावला जातो. पुढे दर तीन-चार महिन्यांनी तपासणी आणि घरी दातांच्या फटींसाठीचा छोटा ब्रश, हे चुकवलं तर दात आणि हिरडीमधले खिसे (डेंटिस्टनी मोजलेल्या फटी) पुन्हा खोल होतात.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. आईला सगळं वाचून दाखवलं. हलणं आधीचंच असतं, हे तिला पटलं. नायरला आधी नुसतं दाखवायला यायला तयार आहे. आता ती विचारते, हलणारे ते दोन दात शेजारच्या दातांना तारेने बांधून घेतात ना, ते क्लीनिंगच्या आधी करतात की नंतर? कोणी करून घेतलं असेल तर कृपया लिहा.