लोणार, चंद्र आणि ‘हे कशानं झालं?’ – तुमचे किस्से लिहा

काल गच्चीवरून लेकीला दुर्बिणीतून चंद्र दाखवत होतो. म्हणाली, "बाबा, हे सगळे ज्वालामुखी का?" आणि मी थेट सातवीच्या सहलीत. लोणारच्या काठावर गुरुजी म्हणाले, ज्वालामुखीचं तोंड. गाइड म्हणाला, विष्णूनं लवणासुराला मारलं ती जागा. एसटीचा ड्रायव्हर विडी विझवत म्हणाला, "वरून धोंडा पडला, गुरुजी." परत येईपर्यंत गुरुजी त्याच्याशी बोलले नाहीत. पुढे कळलं, १९७३ सालीच निकाल लागला होता. तळात भोकं पाडून काढलेल्या दगडांत मॅस्केलिनाइट सापडलं. फेल्डस्पार नावाच्या खनिजाची अशी काच आदळण्याच्या जबर धक्क्यानं होते, लाव्ह्यानं नाही. ड्रायव्हर पास!

कोथिंबीरवडी: गुरुजींना हसू नका हो. चहूबाजूंनी दख्खनचा बेसाल्ट, म्हणजे थिजलेला लाव्हाच. त्यात गोल खड्डा दिसला की कोणीही तेच म्हणणार. चंद्राच्या खड्ड्यांनाही कितीतरी वर्षं ज्वालामुखीच म्हणायचे. दूध उतू जातंय, आले.

वऱ्हाडी ठेचा: आमची आजी म्हने, त्या पान्यात लवणासुराचं रगत हाय. २०२० च्या जूनात पानी गुलाबी झालं तवा ती असती तं म्हनली असती, पाय, सांगतलं होतं ना!

निवांत: @ठेचा 😂 ते खारट पाण्यातले सूक्ष्मजीव. पुण्याच्या आघारकर संस्थेनं तपासलं होतं.

वऱ्हाडी ठेचा: आजीले सांगून पाय.

रात्रपाळी: मंगळाच्या उतारांवरच्या काळ्या रेघा आठवतात? २०१५ मध्ये खारं पाणी म्हणून बातमी आली, मी ऑफिसात पेढे वाटले. २०१७ मध्ये म्हणे कोरडी वाळू घसरते. रेघा फक्त चांगल्या तीव्र उतारावर, आणि उतार सौम्य झाला की थांबतात. कोरडी वाळूही तिथंच थांबते, पाणी पुढं गेलं असतं. पटलं. पेढ्यांचे पैसे गेले.

कोथिंबीरवडी: आले परत. निम्मं दूध गेलं. लोणारचं वय तरी ठरलंय का? आधी ५२ हजार वर्षं वाचलं होतं, मग २०११ मध्ये दगडातल्या आर्गॉन वायूवरून ५ लाख ७० हजार.

निवांत: आमच्या मामांसारखं. दाखल्यावर १ जून, खरी तारीख अधिक महिन्यातली कधीतरी.

सुमाताई: विषय सोडून विचारते, आईचे गुडघे दुखतात. खाली उतरावं लागतं का?

वऱ्हाडी ठेचा: ताई, गोमुखाची धार वरच हाय, तिथून तळं दिसते. खाली कमळजादेवीपावेतो नका नेऊ. शेगाववरून आल्या तं कचोरी बांधून आना.