अनुभव धागा: गाण्याचं नुसतं नाव नको, त्या रेकॉर्डिंगमध्ये तुम्हाला काय ऐकू येतं ते सांगा

मिऱ्याची_ताई (रत्नागिरी)

जुन्या पॉप गाण्यांचा विषय निघाला की थोड्याच वेळात नुसती नावांची यादी होते, हा ग्रेट, तो लेजंड, आणि गप्पा तिथेच संपतात. म्हणून एक विनंती. एखादंच गाणं घ्या, इंग्रजी, हिंदी, कोकणी, मराठी कुठलंही चालेल. ते आपल्या किनाऱ्यावर तुमच्यापर्यंत कसं पोचलं आणि ऐकताना कान कुठे अडकतो ते लिहा. शब्द मागाहून कळले असतील तर तेही लिहा, आणि त्याच लोकांचं नवीन काही आलं असेल तर ते कसं वाटलं हेसुद्धा.

मीच सुरू करते. कार्पेंटर्सचं 'येस्टरडे वन्स मोअर', १९७३ चं. बाबांच्या बोटीवरच्या एका मित्राने कॅसेट दिलेली. कॅरन कार्पेंटर खालच्या पट्टीत सुरू करते, इतकी माइकजवळ की श्वास घेतलेला कळतो. कोरस ऐकला तर आठ-दहा जण उभे आहेत असं वाटतं, पण ते सगळे आवाज ती आणि तिचा भाऊ रिचर्ड, दोघांचेच, एकावर एक चढवलेले. हे वाचल्यापासून मी मेन आवाज सोडून मागचंच ऐकत बसते. गाणं आहे रेडिओवर आवडतं गाणं लागायची वाट बघण्याबद्दल, आणि आम्ही तरी दुसरं काय करत होतो, आकाशवाणी रत्नागिरी लावायची आणि बसायचं. कॅरन १९८३ साली गेली, वय फक्त ३२. तिचं नवीन काही येणार नाही. तुमच्याकडे असेल तर सांगा.

हर्णैकर

ताई, माझं आब्बा, म्हणजे स्वीडनचा तो पॉप ग्रुप. आमच्या मोहल्ल्यात निम्म्या घरातले पुरुष गल्फमध्ये, मामू कुवेतला होता, तो सुट्टीवर आला की टू-इन-वन, सेंट, कापडं आणि सोबत कॅसेटी. त्यातली एक आब्बाची, कव्हर नाही, वर पेनने काहीतरी अरबीत लिहिलेलं.

'डान्सिंग क्वीन' (१९७६) लावा आणि सुरुवात नीट ऐका. पियानोवर बोट सर्रकन खाली येतं आणि गाणं डायरेक्ट कोरसच्या मधूनच सुरू होतं, म्हणजे तुम्ही आत आलात तेव्हा नाच आधीच चालू आहे. दोन बायकांचे आवाज पण एवढे जाड कसे लागतात? त्यांचा साउंड इंजिनिअर मायकेल ट्रेटो, तो तेच परत रेकॉर्ड करायचा आणि दुसऱ्या वेळी टेपचा स्पीड किंचित बदलायचा, त्यामुळे दोन थर एकमेकांवर तंतोतंत बसत नाहीत आणि आवाज रुंद होतो.

पण घरात सगळ्यात जास्त वाजलं ते 'द विनर टेक्स इट ऑल'. माझ्या फुफूचा (आत्याचा) तलाक झाला आणि ती आमच्याकडे राहायला आली. तिला इंग्रजीचा गंध नाही. मासळी साफ करताना म्हणायची, ते रडकं लाव, आणि लावलं की पूर्ण संपेपर्यंत गप्प. मी कॉलेजात गेल्यावर शब्द नीट वाचले. हरलेली बाई समोरच्याशी बोलतेय, भांडत नाही, फक्त विचारतेय की ती तुला माझ्यासारखं जवळ घेते का. ग्रुपमधल्या ब्योर्नने हे लिहिलं ते त्याच्या आणि ग्रुपची गायिका अॅग्नेथा हिच्या घटस्फोटाच्या काळात, आणि गायला दिलं अॅग्नेथालाच. तो स्वतः म्हणतो की गोष्ट खरी नाही, काल्पनिक आहे. असेल. पण तिचा आवाज शेवटाकडे जिथे चढतो तिथे मला ते काल्पनिक वाटत नाही. फुफूला हे सगळं सांगितलं तर ती म्हणाली, मला माहीत होतं.

२०२१ ला 'व्हॉयेज' आला, आधीच्या अल्बमनंतर ४० वर्षांनी. आवाज खाली उतरलेत, वय लपवलेलं नाही, तेच मला आवडलं. फुफूला मोबाइलवर ऐकवलं, तिने पहिल्या ओळीत ओळखलं.

वेंगुर्ल्याची_लेक

आमका पणजी रेडिओ स्वच्छ लागायचा, रात्री तर फारच. तिथूनच गोव्याची कोकणी गायिका लॉर्ना आमच्या घरात आली. ख्रिस पेरींचं संगीत आणि लॉर्नाचा गळा, 'पिसो', 'बेबदो'. आमच्या आजीला कोकणी अर्धी-मुर्धी कळायची पण 'बेबदो' लागलं की चुलीकडून ओरडायची, "काय आवाज आसा गो हिचो!" दारुड्यावरचं गाणं आहे ते आणि वाड्यावाड्यात असा एक तरी माणूस होताच, त्यामुळे कोणाला काही समजावून सांगायची गरज पडली नाही.

मला त्यातला ब्रास वेड लावतो. पेरी स्वतः ट्रंपेटवाले, त्यामुळे ट्रंपेट मध्ये मध्ये लॉर्नाला उत्तर देतो, तिने ओळ सोडली की तो धरतो. लॉर्नाने बरीच वर्षं गायचं बंद केलं होतं, १९९५ ला परत आली तेव्हा आमच्याकडच्या बाजारातसुद्धा तोच विषय. नंतर 'नाचूंया कुंपासार' सिनेमा आला, त्यात पेरींची जुनी गाणी नव्याने रेकॉर्ड केली. छान केलीत, सफाईदार, नव्या पोरांपर्यंत पोचली हे फार मोठं काम झालं. पण मला जुन्या रेकॉर्डमधली लॉर्ना हवी, जिथे ती जोरात गाते तेव्हा आवाजाची कड किंचित फाटते. ती कड नव्यात नाही.

मालवण_किनारा

बोनी एम! 'रिव्हर्स ऑफ बॅबिलॉन' (१९७८). आमच्याकडे लग्नात, पूजेला, क्रिकेटच्या टूर्नामेंटला, सगळीकडे. शेजारच्या ख्रिस्ती काकींनी सांगितलं की हे बायबलमधलं स्तोत्र आहे, १३७ वं, घरापासून लांब नेलेल्या लोकांचं रडगाणं. माझे बाबा तेव्हा मुंबईत गिरणीत, वर्षातनं शिमग्याला आणि गणपतीला येणार. त्यानंतर त्या गाण्यावर नाचताना मला वेगळं वाटायला लागलं, नाच बंद नाही केला पण. मूळ गाणं जमैकाच्या मेलोडियन्सचं, १९७० चं, तेही जरूर ऐका, खूप साधं आहे.

बेंजोवाला_गुहागर

मी बेंजो पार्टीत वाजवतो, म्हणून थोडं वाजवणाऱ्याच्या बाजूने लिहितो. आमच्याकडे पाकिस्तानी गायिका नाझिया हसनचं 'डिस्को दीवाने' (१९८१) अजून मागतात, विसर्जनाला तर हमखास. संगीतकार बिड्डूने बनवलेलं. त्यात बेसची चाल एकच आहे आणि ती शेवटपर्यंत हलत नाही, नाझिया वर आरामात गाते, अजिबात ओरडत नाही. शाळकरी वयाची होती हो ती. बेंजोवर तिची चाल बसते पण तो थंडपणा येत नाही, आमचा हात जड. २०१२ ला हिंदी सिनेमात नवीन करून घेतलं, त्यात तिचा जुना आवाज ठेवलाय, आणि नेमका तोच भाग आला की लोक वर बघतात.

आता पोरं संजू राठोडचं 'गुलाबी साडी' मागतात, २०२४ चं. मला ते गाणं मनापासून आवडतं. कोणी नावं ठेवू नका, साध्या मराठी बोलीत लिहिलेलं पॉप गाणं देशभर वाजलं हे आपल्याला याआधी किती वेळा मिळालंय? फरक एवढाच की नव्या गाण्यात पकडायची ओळ लगेच येते, जुन्यात गाणं आधी जागा करायचं आणि मग गाणारा यायचा.

एसटीने_गेलेला

बेंजोवाले, जागा करण्यावरून. मायकल जॅक्सनच्या 'बिली जीन'ची सुरुवात ऐका, नुसता ड्रम, मग बेस, बराच वेळ आवाजच नाही. रेकॉर्डचा निर्माता क्विन्सी जोन्सला ती छोटी करायची होती, मायकल ऐकला नाही, म्हणाला यानेच मला नाचावंसं वाटतं. १ नोव्हेंबर १९९६ ला तो अंधेरीत आला तेव्हा चुलतभावाच्या खोलीवर उतरून गेलो होतो. स्टेज लांब, माणूस बोटाएवढा, पण तो ड्रम सुरू झाला आणि अख्खं मैदान उठलं.

अलिबाग_कोळीवाडा

मराठी कोणीच नाही घेतलं म्हणून मी. 'मी डोलकर', शान्ता शेळके, हृदयनाथ, आणि आवाज लता आणि हेमंतकुमार. हेमंतकुमारचा आवाज त्यात भरतीच्या पाण्यासारखा हळू चढतो. शान्ताबाई इंदापूरच्या, समुद्र कुठे आणि इंदापूर कुठे, तरी माझा आजा होडी ओढताना तेच गुणगुणायचा. मच्छी मारणाऱ्या माणसाने ते आपलं मानलं, मला अजून वेगळा पुरावा नको.

सावंतवाडी_टेपदुरुस्ती

मी लोकांच्या जुन्या कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरवून देतो, म्हणून माझं गाणं बीटल्सचं 'नाऊ अँड देन'. जॉन लेननने १९७० च्या दशकाच्या शेवटी घरी पियानोवर बसून साध्या कॅसेटवर ते गाऊन ठेवलं. १९९५ ला बाकी तिघांनी प्रयत्न केला पण कॅसेटमधला घूं आवाज आणि पियानो यांच्यातून गळा वेगळा निघेना, सोडून दिलं. मग कॉम्प्युटरला शिकवून गळा वेगळा काढता यायला लागला आणि २ नोव्हेंबर २०२३ ला गाणं आलं, जॉर्ज २००१ लाच गेलेला तरी त्याची १९९५ ची गिटार त्यात आहे. मी हेडफोन लावून ऐकलं. जॉनचा आवाज एवढा मोकळा, मागे खोली नाही, खरखर नाही. माझ्या टेबलावर येणाऱ्या कॅसेटींमध्ये कोणाचा आजोबा भजन म्हणतो, कोणाची आई ओवी म्हणते, आणि तीच घूं, तीच खरखर. हे तंत्र आता साध्या माणसाच्या हातात येतंय याचा मला प्रचंड आनंद आहे.

हर्णैकर

दादा, मग विचारूनच घेतो. मामूची ती आब्बाची कॅसेट अजून आहे. शेवटी फुफू 'विनर'च्या मागे स्वतः गुणगुणलेलं टेप झालंय, चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलेलं. टेपच्या कडेला पांढरी पावडर दिसते. लावून बघू का?

सावंतवाडी_टेपदुरुस्ती

अजिबात लावू नका! ती बुरशी आहे, प्लेअरच्या हेडला लागेल आणि तिथून बाकीच्या कॅसेटींना. पुढे-मागे फिरवू पण नका, टेप चिकटलेली असली तर तुटते. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा, उन्हात किंवा गरम जागी नको. कॅसेटला स्क्रू असतील तर मी उघडून टेप दुसऱ्या खोक्यात घालतो, आतली फेल्टची गादी पण दमट हवेने सुटलेली असते ती बदलतो. पाऊस संपला की घेऊन या, आणि फुफूला पण सोबत आणा, गळा कुठला तिचा हे ओळखायला लागेल.