पळालेल्या गुलामांच्या जाहिराती वाचायच्या कशा?

प्रश्न: अमेरिकेत गुलामीतून पळून पुढे इतरांनाही सोडवणाऱ्या हॅरिएट टबमनसाठी निघालेली ३ ऑक्टोबर १८४९ची जाहिरात वाचतेय. वर ३०० डॉलर बक्षीस, आत मात्र १०० आणि ५०. गुलाम 'सबस्क्रायबर'कडून पळाले म्हणजे काय? वर्गणीदाराचा काय संबंध? आणि टबमनचं नाव कुठेच का नाही?

प्रतिसाद १: इथे सबस्क्रायबर म्हणजे 'खाली सही करणार'. सही मालकीण एलिझा ब्रोडेसची आहे, मेरीलँडमधल्या डॉर्चेस्टर काउंटीतली. टबमनला 'मिंटी' म्हणून शोधा (तिचं जन्मनाव अरामिंटा), सोबत हॅरी आणि बेन हे भाऊ. राज्याबाहेर पकडले तर माणशी १००, राज्यातच सापडले तर ५०; वरचे ३०० म्हणजे तिघांचे जास्तीत जास्त. तेही बाल्टिमोर, ईस्टन किंवा केंब्रिजच्या तुरुंगात आणून दिल्यावरच.

प्रतिसाद २: तारखेत हमखास चूक होते. जाहिरातीत '१७ अल्ट.' असं आहे. 'अल्ट.' म्हणजे गेल्या महिन्यातली, त्यामुळे पळाल्याचा दिवस १७ सप्टेंबर. तळाशी डेलावेअर गॅझेटला हीच जाहिरात तीन आठवडे छापायची विनंती आहे. आकडेवारी काढताना जाहिराती मोजल्या तर तीच माणसं पुन्हापुन्हा मोजली जातात. आणि पुढे काय झालं ते जाहिरातीत नसतंच: भाऊ कचरले, तिलाही घेऊन परतले, मग ती एकटी निघाली.

प्रतिसाद ३: काही जाहिरातींत काठीला गाठोडं लावून निघालेला माणूस दिसतो. तो छापखान्यातला तयार ठसा, कुणाचंही खरं चित्र नव्हे. मजकूर मात्र बारकाईने वाचा. ओळख पटायला हवी म्हणून मालकाला खरं लिहावंच लागे, अगदी चाबकाचे वळ आणि डागण्यासुद्धा. म्हणून तर गुलामगिरीविरोधी कार्यकर्ते थिओडोर वेल्ड आणि ग्रिमके भगिनींनी १८३९ साली मालकांच्याच जाहिराती त्यांच्याविरुद्ध पुरावा म्हणून मांडल्या. स्वभावाबद्दलचे शब्द वेगळे ठेवा. १७६९च्या जाहिरातीत थॉमस जेफरसनने (पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष) आपल्या पळालेल्या गुलामाबद्दल, सँडीबद्दल लिहिलंय की तो चांभारकाम करतो, मुख्यतः डाव्या हाताने, आणि जाडंभरडं सुतारकामही जाणतो. हे धरून चालायला हरकत नाही. दारुडा, उद्धट, लबाड हा मालकाचा राग आहे. असा शेरा त्या माणसाच्या नावावर चिकटवू नये.

प्रश्नकर्ती: मग मिंटीचं 'सुमारे २७' वय?

प्रतिसाद २: वय बहुतेकदा अंदाजाचंच. पण इथे १८२२ साली तिच्या आईच्या बाळंतपणासाठी सुईणीला पैसे दिल्याची नोंद आहे, तिच्याशी ते जुळतं.