मदत हवी आहे: हरेगावला पायी जाणाऱ्यांसाठी सेवाकेंद्र

नमस्कार मंडळी. 8 सप्टेंबर, मारियामातेचा जन्मदिन, जवळ आला की श्रीरामपूरजवळच्या हरेगावला मतमाऊलीच्या, म्हणजे मारियामातेच्या, यात्रेला पायी निघालेले भाविक आमच्या चर्चवरून जातात. यंदा आमच्या तरुणांनी त्यांच्यासाठी सेवाकेंद्र उभारायचं ठरवलंय. फादरांनी आवार दिलंय. चहापाण्याचं जमेल, खरी काळजी पायांची आहे. पावसात ओल्या चपलांनी चालून टाचा सोलवटतात, फोड फुटतात, तरी आज्या थांबायला तयार नसतात. फोडांवर नेमकं काय लावावं, काय अजिबात लावू नये? वारीत किंवा यात्रेत अशी सेवा केलेलं कुणी आहे का? एखाद्या नर्सताई रात्री थांबू शकतील का? आणि अंधारात रस्त्याकडेला उभ्या राहणाऱ्या पोरांसाठी चमकणारी जॅकेटं भाड्याने कुठे मिळतील?